तळ्यात मासा किती उरलाय? किलोबरोबर पट्टीही लावा

मच्छीमार संस्थेच्या मीटिंगला एकच आकडा विचारला जातो: यंदा किती टन निघाला? टन वाढले की चहा-भजी, घटले की बोटुकली (बोटाएवढी माशाची पिल्लं) कुणी कमी सोडली यावरून वाद. माझं स्पष्ट मत आहे की नुसत्या टनावरून तळ्याचं काही कळत नाही. मागच्या वर्षी दहा जाळ्यांना जेवढा माल लागायचा तेवढाच यंदा पंचवीस जाळ्यांना लागला, तर वहीतला आकडा तोच राहतो आणि तळं मात्र खाली होत असतं. म्हणून वजनाच्या जोडीला दोन गोष्टी लिहायला लागा. मासा किती लांब होता, आणि तो धरायला किती जाळी किती रात्री पाण्यात होती. पुढचं सगळं गणित यावरच उभं राहतं.

माझं माहेर इंदापूर तालुक्यात, उजनीच्या फुगवट्याला लागून. घरात पिढ्यान्‌पिढ्या जाळी. मी प्राणिशास्त्र शिकले, आता हडपसरला राहते, एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत काम करते आणि सुट्टीच्या दिवशी पुणे जिल्ह्यातल्या लहान तलावांवरच्या संस्थांना हे मोजमाप बसवून देते. हे त्यांच्यासाठीच लिहितेय, त्यामुळे पुस्तकातलं लागेल तेवढंच घेतलंय.

सुरुवातीला आपलं पाणी केवढं आहे ते बघा. देशातल्या जलाशयांची वर्गवारी अशी, की १००० हेक्टरच्या आतला लहान, १००० ते ५००० हेक्टर मध्यम, त्यापुढचा मोठा. उजनी मोठ्यात. तिथे एका संस्थेने सगळा साठा मोजायचा म्हटलं तर जन्म जाईल. आपल्या टप्प्यात मासा वाढतोय की घटतोय एवढंच पाहायचं. पण पाझर तलाव असेल, किंवा शे-दोनशे हेक्टरचा पाटबंधारे तलाव, तर चार माणसं आणि एक वही पुरते. पिण्याच्या पाण्याच्या धरणावर, म्हणजे खडकवासल्यासारख्या ठिकाणी, परवानगीशिवाय पाण्यात उतरू नका. मत्स्यव्यवसाय विभाग आणि जलसंपदा, दोघांकडे अर्ज आधी द्या.

आधी मासे तीन ढिगांत वाटा

बहुतेक जण इथेच घाई करतात आणि सगळ्या माशांना एकच नियम लावतात. तसं चालत नाही.

पहिला ढीग कटला, रोहू, मृगळचा. हे साचलेल्या पाण्यात वीण करत नाहीत, त्यांना पावसाळ्यातलं वाहतं, पुराचं पाणी लागतं. तलावाच्या वर नदी नसेल तर तळ्यातला जवळपास प्रत्येक कटला ही आपण पैसे मोजून सोडलेली बोटुकलीच असते. ही बँकेतली ठेव आहे, मुदतीआधी मोडली की व्याज बुडालं. त्यामुळे ‘वीण झाल्याशिवाय धरू नका’ हा नियम इथे लावण्यात अर्थ नाही. इथे दोनच गोष्टी विचारायच्या: वाढ पुरी व्हायच्या आत उपसतोय का, आणि सोडलेल्यातले किती परत आले. खाणं चांगलं असेल तर कटला वर्षात किलोभर होतो. तो पाव किलोचा असतानाच ओढजाळ्यात आला आणि मिळेल त्या भावाला गेला, तर संस्थेचा तोटा तिथेच लिहून ठेवा.

दुसरा ढीग चिलापीचा, म्हणजे तिलापियाचा. ही परकी, आपल्या देशात १९५२ साली आणली गेली. साचलेल्या पाण्यात वीण करते, तीही वर्षातून अनेकदा, आणि अंडी-पिल्लं तोंडात सांभाळते, त्यामुळे पिल्लं जगण्याचं प्रमाण जास्त. गर्दी झाली की ती वाढायची थांबते आणि वीतभर व्हायच्या आतच विणीला येते. म्हणजे चिलापी लहान मिळतेय याचा अर्थ मासेमारी जास्त झाली असाच होत नाही, उलट कमी झाली असाही होऊ शकतो. ओळखायचं कसं? प्रत्येक जाळ्याला नग भरपूर आणि मासा रोड असेल तर गर्दी झाली आहे, आणखी काढा. नगही कमी आणि मासाही लहान असेल तर बारीक जाळ्यांनी तळं खरवडलं आहे.

तिसरा ढीग गावठी माशांचा: शिंगटा, वाम, मरळ, कोळशी. यांना कुणी सोडत नाही, ते आपले आपण वाढतात. इथे मात्र विणीचा नियम कडक पाळायचा, कारण एकदा गेले की बोटुकली विकत आणून ते परत येत नाहीत. आपल्या तळ्यात पूर्वी काय मिळायचं याची यादी जुन्या माणसांकडून करून घ्या. यादी नसली की घट दिसतच नाही. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने दख्खनच्या माशांचं वर्णन १८३९ च्या सुमारास लिहिलं, त्यात पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत मिळालेला महासीर आहे. आज मुंढव्याच्या पुलावरून खाली पाहिलंत तर हे खरं वाटणार नाही. पण लिहून ठेवलं होतं म्हणूनच काय गेलं ते आपल्याला कळतं.

उजनीत आता सकर मासाही लागतो. अंगावर काटेरी कवच, भाव शून्य, जाळं फाडतो ते वेगळंच. लोक शिव्या देऊन काठावर फेकतात. फेका, परत पाण्यात सोडू नका, पण आधी मोजा. दर महिन्याला किती नग आले हे वहीत नसेल तर उद्या नुकसान दाखवायला हातात काही राहणार नाही.

मापफळी आणि कट्टा

सामान महाग नाही. टिंबर मार्केटमधून प्लायचा मीटरभर लांब, वीतभर रुंद तुकडा आणा. एका टोकाला उभी पट्टी ठोका, माशाचं तोंड तिला टेकलं पाहिजे. बोहरी आळीतून स्टीलची पट्टी आणून फळीवर चिकटवा, शून्य बरोबर उभ्या पट्टीपाशी. वरून वॉर्निशचे दोन हात. हुकाला मासा टांगायचा वजनकाटा, बारक्या माशांसाठी स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा, वही आणि पेन्सिल. पेन नको, ओल्या हाताने शाई पसरते.

मासा डाव्या कुशीवर ठेवा, तोंड मिटवा, शेपटीची दोन्ही टोकं चिमटीत धरून जवळ आणा आणि लांबच्या टोकापाशी वाचा. ही पूर्ण लांबी. काही जण शेपटीच्या खाचेपर्यंत मोजतात, तेही चालतं, पण एकदा जे ठरवलं ते वर्षभर तेच ठेवा. ३४ आणि ३५ च्या मध्ये आलं तर ३४ लिहा, नेहमी खालचाच आकडा. शिंगट्याला उचलताना जपून. त्याच्या दोन बाजूंच्या परांना आणि पाठीवर ताठ काटा असतो, तो घुसला की हात दिवसभर ठणकतो. ओलं फडकं टाकून डोक्यामागे धरायचा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. माल निवडायच्या आधी मोजा. कट्ट्यावर, म्हणजे होड्या लागून माल उतरतो तिथे, व्यापाऱ्याचा माणूस क्रेट आल्या आल्या मोठा मासा एकीकडे, मध्यम एकीकडे, चिल्लर तिसरीकडे करतो. तुम्ही नंतर जाऊन वरच्या क्रेटमधले मोजलेत तर तळ्यात सगळे पैलवानच राहतात असं निघेल. होडी लागली की दर तिसरा क्रेट उचला आणि त्यातला एकूण एक मासा मोजा, आवडीचा-नावडीचा न बघता. घरी कालवणाला नेलेला आणि पुलावर रस्त्याकडेला विकलेला मासाही विचारून लिहा, कारण बारका माल जास्त करून तिथेच जातो. महिन्याला दर जातीचे निदान शंभर नग मिळवायचा प्रयत्न करा. मोठ्या माशांना ५ सेंटिमीटरचे गट पाडा, चिलापीला २ चे, आणि गटासमोर उभ्या रेघा मारत जा. महिनाअखेर त्या रेघांचा ढीग नुसता बघितला तरी कळतं: उंचवटा दर महिन्याला उजवीकडे, म्हणजे मोठ्या लांबीकडे, सरकतोय का, की पाच महिने तिथेच अडलाय.

माझी आत्या गणेश पेठेतल्या मासळी बाजारात मासे कापून देते. मी पहिल्यांदा फळी घेऊन गेले तेव्हा म्हणाली, “अगं पोरी, गिऱ्हाईक किलो मागतं, इंच कोण इचारतंय?” पण गाभोळीचं, म्हणजे माशाच्या पोटातल्या अंड्यांचं, ज्ञान तिच्याइतकं कुणाकडेच नाही, आणि ते आपल्याला लागतंच.

गाभोळीवरून विणीची लांबी

मे ते जुलै या दिवसांत शिंगटा, वाम, कोळशी कापली जात असताना शेजारी उभं राहायचं. आधी लांबी, मग पोट उघडलं की गाभोळी आहे का ते पाहायचं. दाणे डोळ्यांना सुटे दिसतात का, की नुसतीच पातळ, पारदर्शक पट्टी आहे? दाणे दिसले तर ‘हो’, नाहीतर ‘नाही’. नरांचा वेगळा रकाना. लांबीच्या गटानुसार ‘हो’ किती ते मांडलं की एक गट असा सापडतो जिथे निम्म्या माद्या गाभोळीवर असतात. ही त्या जातीची, तुमच्या पाण्यातली, पहिल्या विणीची लांबी. दुसऱ्या धरणातला आकडा उचलू नका, प्रत्येक पाण्यात मासा वेगळ्या वेगाने वाढतो. आत्या तर बाहेरून पोट दाबूनच सांगते, आणि तिचं चुकत नाही. तरी वहीत मात्र उघडून पाहिलेलंच लिहायचं.

ही लांबी मिळाली की महिन्याच्या मोजमापाकडे परत या. रायनर फ्रोझे या मत्स्यशास्त्रज्ञाने २००४ मध्ये तीन साध्या कसोट्या मांडल्या. धरलेल्यांतले किती मासे एकदा तरी विणून गेले असतील एवढे लांब आहेत? किती जण वजन आणि संख्या दोन्ही मिळून सगळ्यात जास्त माल देणाऱ्या लांबीच्या आसपास आहेत? आणि जुन्या, दांडग्या माद्या आपण सोडतोय की त्याही उचलतोय? गावठी माशांना मी पहिली आणि तिसरी कसोटी लावते. शिंगट्यांतले निम्मे पहिल्या विणीच्या लांबीखाली असतील तर पुढची चर्चा करायची गरज नाही, जाळ्याची आस (जाळ्याच्या भोकाचं माप) मोठी करायला लागा.

जाळी-रात्र

मेहनतीचं माप ठरवा. माझं असं: ५० मीटरचं एक उभं जाळं एक रात्र पाण्यात म्हणजे एक जाळी-रात्र. आठ जाळी तीन रात्री लावली तर २४, आणि ६० किलो माल आला तर जाळी-रात्रीला अडीच किलो. हा आकडा महिन्यामागून महिना लिहायचा. आस लिहिल्याशिवाय या आकड्याला किंमत नाही. कल्ल्याला अडकणारं जाळं ठरावीक जाडीचाच मासा धरतं, त्याहून बारका निसटतो आणि मोठा तोंड आपटून मागे फिरतो. म्हणून एकाच आसेच्या जाळ्यांची तुलना करा. जमलं तर संस्थेच्या खर्चाने एक मापाचं जाळं बांधून घ्या, ३०, ४५, ६०, ८० आणि १०० मिलिमीटर आसेचे तुकडे एकाला एक जोडून. महिन्यातून एकदा, ठरलेल्या जागी, एक रात्र. हे विक्रीसाठी नाही, त्यामुळे ते कुणी उसनं मागायला आलं तर द्यायचं नाही.

उजनीकाठच्या माणसाला पाण्याची पातळी वेगळी सांगायला नको. धरण ११७ टीएमसीचं, त्यातला साधारण ६३ टीएमसी मृतसाठा, आणि उन्हाळ्यात पाणी ‘उणे’मध्ये जातं. पाणी आटलं की तेवढाच मासा कमी जागेत कोंडतो आणि जाळी-रात्रीचा आकडा झकास वाढतो. मे महिन्यात सगळे म्हणतात, यंदा मासा मुबलक. मुबलक नाही, गोळा झालाय. जून-जुलैत पाणी पसरलं की तोच आकडा पडतो आणि लोक घाबरतात. यावर उपाय एकच, पातळीही वहीत लिहा आणि यंदाचा मे गेल्या मेशी, तोही साधारण तेवढ्याच पाण्यात, ताडून बघा. ऑक्टोबरची मेशी तुलना करणारा माणूस काहीही सिद्ध करू शकतो.

उन्हाळ्यात पहाटे प्राणवायू कमी पडून मासे तरंगले तर त्या दिवसाचा हिशोब वेगळ्या पानावर. मेलेल्यांची लांबीही मोजा. नाहीतर पुढच्या महिन्यातली घट जाळ्यांच्या नावावर चढते.

रोड की भरलेला

मासा रोड आहे की भरलेला, हे एका आकड्यात काढता येतं: ग्रॅममधलं वजन गुणिले १००, भागिले सेंटिमीटरमधल्या लांबीचा घन. ४० सेंटिमीटरचा कटला १ किलोचा असेल तर उत्तर १.५६. तेवढ्याच लांबीचा ८५० ग्रॅमचा असेल तर १.३३. दुसरा उपाशी आहे. तुलना एकाच जातीत आणि साधारण एकाच लांबीत करायची. कटल्याचा आकडा वामेला लावला तर ती बिचारी कायमच उपाशी दिसेल. सोडलेले मासे वर्षागणिक रोड होत असतील तर पुढच्या साली बोटुकली वाढवायची नाही, घटवायची. हे मीटिंगमध्ये पटवणं अवघड जातं, कारण अनुदान आणि कौतुक दोन्ही सोडलेल्या नगांवर मिळतं.

डोकी मोजायची असतील तर

वरच्या पद्धतींनी वाढ-घट कळते. एकूण किती, हे हवं असेल तर दोन मार्ग आहेत.

लहान तळ्यात खूण करून सोडायचे. समजा चारशेहून थोडे जास्त कटले धरले, पोटाखालचा डावा पर कापला, रात्रभर हाप्यात (पाण्यात बांधलेल्या जाळीच्या पेटीत) ठेवून किती मेले ते पाहिलं आणि जगलेले ४०० तळ्याच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांत सोडले. आठ-दहा दिवसांनी २५० धरले, त्यात ९ खुणेचे निघाले. आता तिन्ही आकड्यांत एकेक मिळवा: ४०१ गुणिले २५१, भागिले १०, वजा १. साधारण दहा हजार कटले. खुणेचे पाच-सातच परत आले तर आकडा फार डोलतो, तेव्हा जाळी आणखी लावा. बोटुकली सोडतानाच दर वीसांतल्या एकीला खूण केली तर आणखी एक गोष्ट समजते. वर्षाने त्या वयाच्या माशांत खुणेचे ५ टक्के यायला हवेत. २ टक्केच आले तर एकतर खूण केलेल्या जास्त मेल्या, नाहीतर तळ्यात मासा दुसरीकडूनही येतोय, म्हणजे वरच्या ओढ्याची चौकशी करायला हवी. मात्र कापलेला पर पुन्हा फुटतो, म्हणून तो मुळापासून कापा आणि वर्षभरात मोजून घ्या.

दुसरा मार्ग उन्हाळ्यात तळ्यातला मासा उपसताना आपोआप मिळतो. पहिल्या दिवशी जाळ्याला ५ किलो. ४०० किलो काढून झाल्यावर त्याच जाळ्याला ३ किलो. ४०० किलोंमागे २ किलोंची घट, मग ५ किलो शून्यावर यायला १००० किलो काढावे लागतील, म्हणजे सुरुवातीला साधारण टनभर मासा होता. तीन-चार दिवसांचे आकडे कागदावर टिंबांनी मांडून त्यातून रेघ ओढा, एका दिवसावर भरवसा ठेवू नका. आणि हे पाणी वेगाने घटत असताना करायचं नाही, कारण वर सांगितलंच.

वर्षभराच्या लांबीच्या नोंदी असतील तर एफएओचं (संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेचं) फायसॅट हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्यात वाढीचा वेग आणि मरण्याचं प्रमाण काढता येतं. कॉलेजच्या पोरांना सांगा, ती आनंदाने करून देतील. पण नोंदी कच्च्या असतील तर त्यातून कच्चंच उत्तर येतं, फक्त रंगीत आलेखात. पाण्यातले क्षार भागिले सरासरी खोली असं करून मासळीचं उत्पादन सांगणारं एक सूत्रही आहे, रायडरचं, १९६५ सालचं. ते थंड देशांतल्या तळ्यांवर बेतलेलं. आपल्याकडे शहराचं सांडपाणी मिसळलेल्या पाण्यावर मी ते लावत नाही.

आकडे आले, पुढे काय

निर्णय एप्रिल-मेमध्ये घ्या. नवी जाळी त्याच सुमाराला विकत घेतली जातात आणि एकदा पैसे गेले की कुणी आस बदलत नाही. गावठी मासा विणीच्या लांबीखाली लागत असेल तर मापाच्या जाळ्याचा कुठला तुकडा त्या लांबीच्या वरचेच मासे धरतोय ते पाहा आणि तीच आस खरेदीत लिहून द्या. दुकानदार बोटांनी मोजून देतो, त्याच्यासमोर पट्टी लावा. वडापसारखी बारीक ओढजाळी आधी बंद करा, मग बाकीचं बोला. त्यांना बोटुकली आणि बारका गावठी मासा सरसकट लागतो, आणि ती चालू असताना आस मोठी करणाऱ्या माणसावर अन्याय होतो. कटला पाव किलोला येत असेल तर सहा महिने त्या भागात जाळं नाही. चिलापी दाट आणि रोड असेल तर तिच्यासाठी काठालगत छोट्या आसेची जाळी, तीही मोजक्या सभासदांना, पावसाळा सोडून.

बोटुकली सोडताना नगांबरोबर लांबीही पावतीवर लिहून घ्या. १०० मिलिमीटरच्या खालची बोटुकली मोठ्या पाण्यात मरळ आणि शिंगट्याच्या पोटात जाते. ट्रक आला की वरच्या पिशवीतली नव्हे, खालच्या पिशवीतली वीस उचलून फळीवर ठेवा. पुरवठादार घाई करेल, ड्रायव्हर हॉर्न वाजवेल. वीसांची लांबी लिहून झाल्याशिवाय चलनावर सही करू नका.